फऱ्या की घटसर्प? आधी सुजेवर हात फिरवून पाहा

जून लागला की इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. गाई-म्हशींचे हे दोन्ही रोग पावसाच्या तोंडावर येतात. दोन्हींत ताप १०५-१०६ फॅरनहाइटवर जातो, जनावर सुजतं आणि उपचाराला उशीर झाला तर एक-दोन दिवसांत दगावतं. जंतू मात्र पार वेगळे.

फऱ्याचा जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय. याला प्राणवायू चालत नाही, म्हणून तो बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त, रूपात मातीत वर्षानुवर्षं तग धरतो. धडधाकट जनावरांच्या आतड्यांतही सापडतो. चरताना बीजाणू पोटात जातात, तिथून मांसात पोहोचून निपचित पडून राहतात. मग गोऱ्ह्याला मुका मार लागतो, त्या जागचा रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू संपतो आणि बीजाणू जागे होतात. जंतू वाढताना विष सोडतात, वायूही तयार करतात. म्हणून पुठ्ठा किंवा खांदा सुजतो, जनावर लंगडतं आणि सुजेवरून हात फिरवला की कातडीखाली चरचर लागते. सूज आधी गरम नि दुखरी असते. काही तासांत ती गार, बधिर पडते. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगानं भरलेली वासरंच बहुधा सापडतात. चांगलं पोसलेलं डांगी गोऱ्हं असं जातं तेव्हा घरच्यांचा जीव तुटतो.

घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडामुळे होतो. हा बीजाणू करत नाही, मातीत फार टिकत नाही. निरोगी जनावराच्या घशात तो असू शकतो. भिजणं, उपासमार, बाजारापर्यंतची दगदग यांनी जनावर खचलं की उसळतो. सूज गळ्याखाली येते, दाबली की बोटाचा खड्डा पडतो, चरचर नसते. लाळ गळते, श्वास घरघरतो. म्हशींना हा जास्त छळतो.

घटसर्प लाळेतून पसरतो, त्यामुळे आजारी जनावर लगेच वेगळं बांधा. फऱ्या एकाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, पण मेलेलं जनावर गायरानात फाडलं तर ती जमीन पुढची कित्येक वर्षं धोक्याची होते. कातडं काढण्याचा मोह नकोच. खोल खड्डा, वर चुना. नाकातोंडातून रक्त आलं असेल तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचाही संशय घ्या आणि हात न लावता पशुवैद्यकांना कळवा.

फऱ्यावर पेनिसिलिन चालतं, पण अगदी सुरुवातीच्या तासांत. दोन्हींची एकत्र लस मिळते. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा ती मे महिन्यातच टोचून घ्या.