"काही करत नाही हो तो!" म्हणण्याआधी हे वाचा

लिफ्टचं दार उघडतं, आत तुम्ही आणि शेरू, बाहेर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्या दचकून भिंतीला चिकटतात आणि एरवी सगळ्यांसमोर शेपूट हलवणारा शेरू नेमका त्यांच्यावरच भुंकत सुटतो. आमच्याकडे कुत्र्याला घेऊन ट्रेनिंगला येणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार, की घाबरणारा माणूस याला बरोब्बर कळतो.

कळतोच. घाबरलेल्या माणसाचं अंग ताठ होतं, तो कुत्र्यावर डोळे रोखून बघतो, मग एकदम हात वर घेतो नाहीतर पळतो. कुत्र्याला टक लावून बघणं ही दमदाटी वाटते आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं तर त्याच्या रक्तातच आहे. वासाचंही आहे बरं का, २०१८ साली इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरना दिला, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ते मालकाकडे जास्त वळायला लागले. म्हणजे आधी कुत्राच बिचकतो, आणि भुंकणं बहुतेक वेळा त्या बिचकण्यातूनच येतं.

आणि मग सवय लागते. कुरिअरवाला आला, हा भुंकला, तो पार्सल ठेवून गेला, शेरूच्या हिशेबाने भुंकल्यामुळेच गेला. रोज हेच झालं की गणित पक्कं.

उपाय म्हणजे अंतर. माणूस दिसतोय पण शेरू अजून शांत आहे, खाऊ घेतोय, एवढ्या लांब उभे राहा, मग ते दहा फूट असो की पन्नास, आणि माणूस दिसला रे दिसला की उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा, माणूस गेला की चिकन बंद. असं करत काही आठवड्यांत थोडं थोडं जवळ. घाई केलीत तर परत पहिल्यापासून. लीश ओढून धरू नका, तुमचा ताण त्याला लगेच कळतो. चिकन तुम्हीच द्या, काकूंच्या हातून नको, त्यांनी आपल्या कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी धीट व्हायचा काय संबंध? लिफ्टमध्ये कोणी घाबरलं तर पुढच्या फेरीने जा.

गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं म्हणजे सूचना, ती मारून बंद केली की एक दिवस सूचना न देता थेट चावेल. शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा, आम्ही वापरत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. जाळीचं मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बांधायची जाळी, मात्र चांगलं, त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कामाच्या मावशी यायच्या आधी त्याला आतल्या खोलीत ठेवा. अचानक चिडका झाला असेल तर आधी व्हेटकडे, कान किंवा सांधे दुखत असले तरी असं होतं.

चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना नको, आणि त्याच दिवशी दवाखान्यात, शेरूचं लसीकरण झालेलं असलं तरी. आणि हो, पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पहिल्या सेशनला शेरूला भरपेट जेवण घालून आणू नका, नाहीतर आमच्या चिकनकडे बघणार पण नाही. लसीकरणाचं कार्ड आणा आणि तो कोणाला चावला असेल तर स्पष्ट सांगा, लपवू नका.