छताचं वजन जातं कुठे?

येरवड्याला डेक्कन कॉलेजची १८६८ सालची इमारत आहे. काळा पाषाण आणि टोकदार कमानी. कमानीखाली उभं राहून वर पाहिलं की पाचरीसारखा घडवलेला एकेक दगड वेगळा ओळखू येतो. इतकं वजन डोक्यावर तोलून धरलेलं पाहताना मला अजूनही नवल वाटतं.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फार कमी. लांब दगड दोन भिंतींवर आडवा टाकला तर वजनाने तो किंचित वाकतो, खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथून तडकतो. लाकूड ताण सोसतं, म्हणून वाड्यांमध्ये सागाच्या तुळया. कमानीत मात्र प्रत्येक दगड शेजारच्यावर रेललेला असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला जवळपास फक्त दाबच येतो.

घरी करून पाहा. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळव्याला तळवे टेकवायचे आणि एकमेकांवर रेलायचं. फरशी गुळगुळीत असेल आणि पायात मोजे असतील, तर पाय लगेच मागे सरकायला लागतात. हाच कमानीचा रेटा. तो भिंतींना बाहेर ढकलत राहतो, दिवसरात्र, शतकानुशतकं. आता दोघंही अर्धं पाऊल पुढे या. अंगं ताठ झाली, रेटा उतरला. टोकदार कमानीचं मर्म हेच. रुंदी आणि भार तोच ठेवून कमानीची उंची दुप्पट केली, तर रेटा साधारण निम्म्यावर येतो. ओळीतल्या कमानी एकमेकींचा रेटा परतवतात. शेवटच्या कमानीला शेजार नसतो, म्हणून तिथे भिंत जाड ठेवावी लागते किंवा बाहेरून दगडी धिरा द्यावा लागतो.

या विद्येचा कळस पाहायचा तर इंग्लंडला जावं लागेल. राजा सहावा हेन्री याने १४४० साली ईटन ही शाळा आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजला किंग्ज कॉलेज स्थापन केलं. दोन्हीकडे भव्य चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधायला घेतलं. किंग्जचं छत जॉन वॉस्टेल या गवंड्याने १५१२ ते १५१५ या काळात पुरं केलं. जमिनीपासून सुमारे २४ मीटर उंचीवर दगडी पंखे उलगडावेत तसं ते दिसतं. या घडणीचं जगातलं सर्वांत मोठं छत हेच. त्याचा रेटा पेलायला बाहेर ओळीने प्रचंड धिरे आहेत.

ईटनचं चॅपल ठरल्याच्या निम्म्या लांबीवरच थांबलं आणि वर आलं लाकडी छत. विसाव्या शतकात त्याला एका भुंगेऱ्याने पोखरलं. याच्या अळ्या ओलसर, बुरशी धरलेलं जुनं लाकूड वर्षानुवर्षं आतून खात राहतात. मोठा झालेला भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोकं आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना ती टिकटिक ऐकू यायची, म्हणून इंग्रजीत त्याच्या नावातच मृत्यू आला आहे.

१९५७ ते १९५९ या काळात तिथे नवं छत बसवलं. खालून पाहिलं तर तेच दगडी पंखे. पण आत काँक्रीट आहे, दर्शनी भागाला दगड आहे आणि वजन पोलादी कैच्यांनी, म्हणजे दांडे त्रिकोणात जोडून केलेल्या सांगाड्यांनी, पेललं आहे. याला कुणी नक्कल म्हणेल. मला तसं वाटत नाही. पाचशे वर्षांच्या भिंतींवर नवा रेटा न लादता छत देणं ही त्या भिंतींची कदरच आहे.

कैची हे करते कसं? पुन्हा तळव्याला तळवे टेकवून रेला, पण या वेळी दोघांच्या घोट्यांना मिळून एक ओढणी घट्ट बांधा. रेटा तेवढाच आहे, तरी पाय सरकत नाहीत. सगळा ताण ओढणीने घेतला. कैचीतला खालचा आडवा दांडा तीच ओढणी आहे, आणि पोलाद ताण उत्तम सोसतं. पत्र्याचं छत असलेल्या एखाद्या मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीत बसलात तर मान वर करा. तो दांडा तिथेही दिसेल.