शालेय साधनांचे वाटप

शाळेजवळील पैसा, मनुष्यबळ, वेळ, जागा आणि साहित्य कोणासाठी, कोठे व किती वापरायचे हे विद्यार्थ्यांची गरज पाहून ठरविणे, यास शालेय साधनांचे वाटप म्हणतात.

शाळेच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा बहुधा वेतनाचा असतो आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला क्वचितच मिळतो. त्यामुळे त्याच्या हाती उरणारे खरे अंदाजपत्रक म्हणजे वेळापत्रक होय. वाचनात मागे पडलेल्या मुलांना दिवसाची पहिली तासिका मिळते की सारे थकल्यावरची शेवटची, एकाच विषयाच्या दोन शिक्षकांना पाठ आखण्यासाठी एकाच वेळी मोकळी तासिका मिळते की नाही, हे त्या चौकटी भरतानाच ठरते. नवख्या शिक्षकाकडे सर्वांत अवघड तुकडी सोपविण्याची रूढी सोयीची असली, तरी तिच्यामुळे अनुभवी हाताची सर्वाधिक गरज असलेली मुलेच त्याला मुकतात; हा अन्याय कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

पैशाने किती फरक पडतो, यावर मोठा वाद झाला. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या 1966 च्या अहवालाने शाळांतील सोयींपेक्षा मुलांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव अधिक असल्याचे दाखविले. टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात झालेल्या ‘स्टार’ प्रयोगात मात्र 13 ते 17 मुलांच्या लहान वर्गांची प्रगती 22 ते 25 मुलांच्या वर्गांपेक्षा सरस ठरली. कॅलिफोर्नियाने 1996 पासून प्रारंभिक इयत्तांचे वर्ग घाईने लहान केले, तेव्हा पूर्ण पात्रता असलेले शिक्षक अपुरे पडले आणि त्याची झळ गरीब वस्त्यांतील शाळांना अधिक बसली. एकच उपाय दोन ठिकाणी इतका वेगळा ठरला, तो अंमलबजावणीच्या तयारीतील फरकामुळे.

सर्वांना सारखेच देणारे समान वाटप आणि गरजेनुसार कमीअधिक देणारे न्याय्य वाटप यांत भेद केला जातो. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याने अंदाजपत्रकाचे बरेच अधिकार शाळांकडे आले, तर 2011 पासून वंचित विद्यार्थ्यांमागे शाळांना जादा निधी मिळू लागला.

गेल्या वर्षीच्या रकमांत थोडी वाढ करून नवे अंदाजपत्रक मांडण्याची पद्धत सोपी असल्याने रूढ आहे, परंतु तीत निरुपयोगी ठरलेले खर्चही वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून प्रत्येक खर्चाचा उद्देश आधी लिहून ठेवणे आणि वर्षाच्या मध्यावर तो तपासणे आवश्यक असते. सूक्ष्मदर्शके घेतली, पण प्रयोगाची तासिका आणि कपाटाची किल्ली सांभाळणारी व्यक्ती ठरविली नाही, तर केवळ खरेदी झालेली असते. वाटप अजून व्हायचेच असते.