मतदानाचे कर्तव्य आणि हंगामी स्थलांतर (मराठवाडा)

लोकशाहीत मतदान हा नागरिकाचा हक्क असतो आणि त्याचे कर्तव्यही मानले जाते. भारतात मात्र या कर्तव्याला कायद्याची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला, पण कलम ५१-क मधल्या मूलभूत कर्तव्यांत मतदानाचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियात मत न देणाऱ्याला दंड होतो. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला होता. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे आपल्याकडे मत देणे हे मतदाराच्या इच्छेवर आणि सवडीवर अवलंबून राहते. मराठवाड्यात इच्छेपेक्षा सवडीचा प्रश्न मोठा आहे. इथली लाखो माणसे वर्षातले पाच-सहा महिने आपल्या मतदान केंद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, उसाच्या फडात असतात.

हा हक्क इथे लढून मिळालेला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात प्रौढ मताधिकार नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांनी हैदराबाद राज्याचा भाग म्हणून मतदान केले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी तेव्हाची पद्धत होती. अक्षरओळख नसलेल्या बाईमाणसालाही आपली पेटी ओळखता येत असे. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्या निवडणुकीत गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. आज विभागात आठ जिल्हे, लोकसभेचे ८ आणि विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मजूर असेच मोजले जातात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत (मार्च-एप्रिल), फड सोडता येत नाही. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान मात्र अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला झाले आणि सरकारने गाळप सुरू करण्याची तारीख १५ नोव्हेंबर ठरवली होती. जिल्हा परिषदांचे मतदान २०१२ आणि २०१७ या दोन्ही वेळी फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात झाले.

कायदा या मजुराच्या बाजूने आहे, हे ठळकपणे सांगायला हवे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरता बाहेर गेलेला माणूस आपल्या गावचा ‘सर्वसाधारण रहिवासी’च राहतो, फडावर गेला म्हणून त्याचे नाव यादीतून काढता येत नाही. १९५१ च्या अधिनियमाचे कलम १३५-ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देते, रोजंदारीवरच्या माणसालाही. पण ऊसतोडीत रोज नसतो, टनावर पैसे असतात. अंधार असताना तोड सुरू होते, पाचट काढून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्यात एका मतासाठी गावी जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांचा खाडा. कमाई बुडते, एसटीचे भाडे जाते, वर मुकादम खाड्याचे पैसे कापतो. एवढे सोसूनही मत द्यायला येणारी माणसे आहेत. जी येत नाहीत त्यांना बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

ग्रामपंचायतीला चित्र उलटे दिसते. १५ जानेवारी २०२१ चे ग्रामपंचायतीचे मतदान ऐन हंगामात आले. एका वॉर्डात पाच-दहा मतांनी निकाल फिरतो, म्हणून अशा वेळी उमेदवार स्वतः मुकादमाशी बोलतात, फडावर जीप-टेम्पो पाठवतात आणि मजूर एका रात्रीत गावात हजर होतात. लोकसभा-विधानसभेत मतदारांना भाड्याच्या वाहनाने फुकट नेणे हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे, आणि ते बरोबरच आहे. भाडे भरणारा मतावर हक्क सांगू लागतो. मात्र यातून एक गोष्ट सिद्ध होते. सोय झाली की माणूस मत द्यायला येतो.

लोकसभेची गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये विभागात २६ एप्रिल, ७ मे आणि १३ मे अशा तीन टप्प्यांत मतदान झाले, तेव्हा बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या होत्या. तिथे अडथळा उन्हाचा आणि पाण्याचा. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर भर दुपारी केंद्रापर्यंत चालत जाणे सोपे नसते. रस्ता किंवा पाणी मिळावे म्हणून अख्ख्या गावाने मतदानावर बहिष्कार टाकल्याच्या बातम्याही येतात. तो राग खरा असतो. पण रिकाम्या यंत्रातून तो कुठेच नोंदला जात नाही, आणि २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय त्यासाठी उपलब्ध आहे.

टपाली मतदान सैनिकांना, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांना मिळते. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. स्थलांतरित मजुराला यातले काहीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला, ज्यात एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतचे मतदान घेता येईल. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि ते वापरात आले नाही. त्यामानाने सोपा मार्ग राज्याच्या हातात आहे: गाळप कधी सुरू करायचे हे दरवर्षी मंत्री समितीच ठरवते, त्यामुळे विधानसभेच्या वर्षी ती तारीख मतदानानंतरची ठेवता येते. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या पट्टा पडल्यावर घेतल्या, तर कोणत्याही नव्या यंत्राची गरज लागत नाही.