थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीण

खंडेनवमीला इंदुरातल्या आमच्या घरी पाटावर दोन शस्त्रं मांडतात: पणजोबांची तलवार आणि आजोबांची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रायफल. फुलं वाहायच्या आधी रायफल पुसायचं काम माझ्याकडे. यंदा भाचा म्हणाला, "मामा, हिची नळी जरा आखूड करू, लाकडी दस्त्याला काळा रंग देऊ. परदेशात लोक घरीच करतात हे." त्याचं खरं होतं. पण ते तिकडे का करतात आणि आपल्याकडे का नाही, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे-पुढे करून काडतूस भरायची रायफल प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारली. ब्रिटिशांकडे जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टची रायफल १८८८ मध्ये आली, १८९५ मध्ये तिची ली-एन्फिल्ड झाली आणि १९०४ मध्ये दहा गोळ्यांची ती आखूड रायफल आली, जिला आपण तिच्या ३०३ बोअरवरून थ्री-नॉट-थ्री म्हणतो. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती हजारोंनी बनली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात सैन्याच्या उरलेल्या रायफली अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. नळीच्या टोकापर्यंत लाकूड चढवलेली ती फौजी रायफल शिकाऱ्याला जड पडायची. मग लोकांनी घरच्या घरी पुढचं लाकूड कापलं, नळी छाटली, वर दुर्बीण बसवली. रायफली इतक्या होत्या की कुणाला हळहळ वाटली नाही. आज मात्र न कापलेल्या रायफलीला जास्त भाव आहे आणि कापलेल्यांचे मालक मूळ लाकूड शोधत फिरतात.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. १८५७ चा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला आणि सामान्य हिंदुस्थानी माणसाच्या हातात परवान्याशिवाय बंदूक राहू दिली नाही. पुढे फौजी बोअरही नागरिकांना बंद झालं, कारण छावणीतून चोरलेलं काडतूस घरच्या बंदुकीत चालता कामा नये. म्हणून ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून ३१५ बोअर आलं आणि ईशापूरने ली-एन्फिल्डच्याच बोल्टवर शिकारी रायफल बनवली. पुढचं लाकूड अर्धंच! तिकडे लोकांनी करवत घेऊन जे केलं, ते आमच्या आजोबांना कारखान्यातूनच तयार मिळालं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते: ही रायफल आधीच घडवलेली आहे, आणि ती घडवली आहे आपल्या इतिहासाने.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानेही तोच धागा पुढे नेला. शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर करायला कलम ५ खाली परवाना लागतो, नळी आखूड करायला कलम ६ खाली. म्हणजे लोखंडाचं काम परवानाधारक कारागिराचंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही संपली आणि अशा रायफली कपाटात गेल्या.

कपाटात त्यांचा खरा शत्रू म्हणजे माळव्यातला पावसाळा. निवडणुकीत आमची रायफल जमा केली होती. परत आली तेव्हा बोल्टच्या मुठीखाली तांबूस ठिपके होते, आणि ते पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतल्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागातल्या, रसायनाने नळीत क्षार उरायचा. क्षार तेलात विरघळत नाही, म्हणून गोरे शिपाई गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग चिंधी ओढून कोरडी करायचे आणि शेवटी तेल लावायचे. दस्त्याला कच्चं अळशीचं तेल चोळायचे. ती अळशी आपल्याच माळव्यात पिकते. व्हार्निश लाकडावर थर धरतं, त्याला चीर गेली की ओल आत अडकते. अळशीचं तेल लाकडात मुरतं. पूर्वी एका पॉलिशवाल्याने आमचा दस्ता काचकागदाने इतका घासला की लाकडावरचे कारखान्याचे ठसे गेले. ते आता कशानेही परत येणार नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

भाच्याने रंगाचा विषय सोडला. आम्ही रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, मी त्याच्या तळहातावर चार थेंब तेल घातलं आणि तो दस्ता चोळू लागला. लाकूड गरम लागेपर्यंत चोळ, एवढंच त्याला सांगितलं.