नाशिकच्या कोर्टातून घटस्फोटाच्या डिक्रीची नक्कल कशी काढायची

घटस्फोटाचं सर्टिफिकेट असं काही नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या म्हणजे निम्म्या चकरा वाचतील. जन्माचा दाखला महापालिका देते, लग्नाचाही देते, मग लोकांना वाटतं घटस्फोटाचाही राजीव गांधी भवनातच मिळत असेल, आणि सुट्टी टाकून तिथे जाऊन उभे राहतात. माझी मावसबहीण अशीच दोन वेळा जाऊन आली, तिला पासपोर्टवरून नवऱ्याचं नाव काढायचं होतं. घटस्फोट देतं कोर्ट आणि त्याचा कागदही कोर्टच देतं. त्याला मराठीत हुकूमनामा म्हणतात, बोलताना सगळे डिक्रीच म्हणतात. पासपोर्टवाले, बँकवाले, दुसऱ्या लग्नाची नोंदणी करणारे जे "सर्टिफिकेट आणा" म्हणतात ते म्हणजे या डिक्रीची सही-शिक्क्याची प्रत. कागदोपत्री तिला प्रमाणित प्रत म्हणायचं, आणि कोर्टाच्या आवारात विचाराल तर नक्कल.

आता यातच एक गोची आहे. निकालाचे कागद दोन असतात, एक न्यायनिर्णय म्हणजे जजमेंट आणि दुसरी डिक्री. जजमेंटमध्ये सगळी कहाणी असते, कोणी काय आरोप केले, साक्षीत कोण काय बोललं, कोर्टाला काय पटलं आणि का. डिक्री त्यामानाने छोटी, दोघांची नावं, केस नंबर, आणि अमुक तारखेला झालेला विवाह विच्छेदित करण्यात येत आहे एवढं. आम्ही पहिल्यांदा फक्त डिक्री मागितली आणि नंतर एका ठिकाणी जजमेंट पण लागलं, म्हणजे परत अर्ज, परत चक्कर. म्हणून दोन्ही एकदमच मागा आणि डिक्रीच्या तीन-चार प्रती घ्या. पण दाखवताना आधी डिक्रीच पुढे करा, कोणी मागितलंच तर जजमेंट काढा, कारण आपल्या घरातलं धुणं बँकेच्या क्लार्कने वाचायची काही गरज नाही.

आणि हो, हे फार कमी जणांना माहीत असतं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) मध्ये स्पष्ट लिहिलंय की घटस्फोटाची डिक्री दिली की कोर्टाने दोन्ही पक्षांना तिची एक प्रत फुकट द्यायची. तर आधी घरातली कपाटं, जुन्या फायली, आईकडची ट्रंक शोधा, आणि तेव्हाच्या वकिलांना एक फोन करा. बऱ्याचदा ती प्रत वकिलांच्या फायलीतच पडून असते आणि आपण उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असतो.

नाहीच सापडली तर पहिला प्रश्न, केस कुठल्या कोर्टात होती? नाशिकचा घटस्फोट म्हणजे सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं मोठं कोर्ट असं डोळे झाकून धरू नका. शहरातल्या केसेस फॅमिली कोर्टात म्हणजे कौटुंबिक न्यायालयात चालतात. पण केस निफाड, मालेगाव अशा ठिकाणी चालली असेल तर ती तिथल्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात असते, आणि रेकॉर्ड पण त्याच बाजूला. केस कुठे लावायची हे लग्न कुठे झालं, दोघं शेवटी एकत्र कुठे राहिले, समोरचा कुठे राहतो यावर ठरतं, आणि बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेही लावता येते. त्यामुळे लग्न लागलं सिन्नरला, संसार सिडकोत आणि केस माहेरी येवल्याकडे असंही होऊ शकतं. फॅमिली कोर्ट शहरात यायच्या आधीची जुनी केस असेल तर तीही दिवाणी कोर्टाच्या नावावर नोंदलेली असणार, हे शोधताना लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न केस नंबरचा, आणि खरं सांगू का, सगळं काम इथेच अडतं. नंबर असला की बाकी सोपं आहे, नंबर नसला की काउंटरवरचा माणूस तरी काय करणार, त्याच्या मागे कपाटंच्या कपाटं बस्ते बांधून ठेवलेत. फॅमिली कोर्टाच्या नंबरात एक अक्षर असतं, पिटिशन ए म्हणजे एकाने दुसऱ्याविरुद्ध लावलेली घटस्फोटाची केस, पिटिशन एफ म्हणजे दोघांच्या संमतीने घेतलेला. ई असेल तर ती पोटगीची केस, ती घटस्फोटाची नाही. एकाच जोडप्याच्या तीन-तीन केसेस चालू असतात आणि लोक पोटगीच्या केसचा नंबर घेऊन डिक्री मागायला जातात. दिवाणी कोर्टात हीच केस हिंदू विवाह अर्ज म्हणजे एचएमपी म्हणून नोंदलेली असते.

नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर शोधा, पैसे लागत नाहीत. महाराष्ट्र निवडल्यावर जिल्ह्यांची यादी येते, पण फॅमिली कोर्ट्स त्या यादीत वेगळ्या नावाखाली आहेत, नुसतं नाशिक जिल्ह्यात शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मग केस स्टेटसमध्ये जाऊन पार्टी नेमने शोधायचं, नाव टाका, वर्ष टाका, आणि पेंडिंगवरून बदलून डिस्पोज्ड करा कारण आपली केस निकाली निघालेली आहे. वर्ष म्हणजे केस दाखल केल्याचं, निकालाचं नाही! आमची इथेच दांडी उडाली. बहीण म्हणत होती २०१३, तो निकाल, केस लागली होती २०११ ला. दुसरी मेख स्पेलिंगची, नावं तिथे बहुतेक इंग्रजीत असतात आणि ज्योतीच्या शेवटी एक ई आहे की आय हे ज्याने टाइप केलं त्यालाच ठाऊक. पूर्ण नाव टाकूच नका, पहिली चार-पाच अक्षरं टाका. सासरच्या आडनावाने नाही निघालं तर माहेरच्या, आणि तेही नाही तर नवऱ्याच्या नावाने बघा, कारण केस त्याने लावली असेल तर तो अर्जदार आणि तुम्ही जाबदार. आमची शेवटी त्याच्याच नावाने निघाली. सापडली की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख नंबर), केस नंबर आणि निकालाची तारीख तिन्ही लिहून घ्या, स्क्रीनशॉट पण काढा. ऑनलाइन ऑर्डरची पीडीएफ दिसली तरी तिची प्रिंट चालेल असं समजू नका, तिच्यावर कोर्टाचा शिक्का नसतो. आणि नवरा-बायकोच्या केसेस कायद्यानेच बंद दाराआड चालवायच्या असतात, त्यामुळे पीडीएफ दिसलीच नाही तरी घाबरू नका.

फार जुनी केस असेल तर ती कॉम्प्युटरवर नसेलही. मग ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या ऑफिसात दावा रजिस्टर बघायला विनंती करायची, दोघांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष सांगून. तेव्हाची एखादी समन्स, तारखेची चिठ्ठी, पोटगीची पावती, काहीही घरात सापडलं तर त्यावर नंबर असतो. केस निकाली निघाल्यावर काही काळाने रेकॉर्ड रूमला जाते आणि तिथे कागदांची वर्गवारी होऊन काही कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात, पण जजमेंट आणि डिक्री इतर कागदांपेक्षा खूप जास्त काळ जपून ठेवतात. म्हणजे वीस वर्षं झाली म्हणून हातपाय गाळू नका.

आता प्रत्यक्ष अर्ज. कोर्टात नक्कल विभाग असतो, अर्ज तिथे द्यायचा. छापील फॉर्म मिळतो, त्यात कोर्टाचं नाव, केस नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख, कुठले कागद आणि किती प्रती पाहिजेत, तुमचा पत्ता आणि मोबाइल. वर कोर्ट फीचं तिकीट लावायचं, ते आवारातच स्टॅम्प व्हेंडरकडे मिळतं. सोबत आधार किंवा कुठल्याही ओळखपत्राची झेरॉक्स, आणि ओरिजिनल जवळ ठेवा. नकलेचे पैसे पानांवर असतात, आधी अंदाजाने भरून घेतात आणि त्याची पावती देतात. अर्जंट पाहिजे तर जादा पैसे भरून तसा अर्ज करता येतो. फाइल अजून कोर्टात आहे की रेकॉर्ड रूमला गेलीय यावर दिवस ठरतात, म्हणून पावतीवरचा अर्ज नंबर जपा, पुढच्या वेळी नाव सांगून काही होत नाही, तो नंबरच लागतो. सकाळी लवकर जा, आणि गाडी शक्यतो नेऊच नका, सीबीएसच्या त्या गर्दीत पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, रिक्षा परवडली. फॉर्म भरायला जमत नसेल तर ई-सेवा केंद्र कुठे आहे ते गेटवर विचारा. बाहेर टायपिंगवाले पण बसलेले असतातच.

यासाठी वकील लागतोच का? स्वतः त्या केसमधले पक्षकार असाल तर नाही लागत, तुमच्याच केसची नक्कल मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण बाहेरगावी असाल तर वकिलाला वकीलपत्र द्या किंवा घरच्या माणसाला तसं अधिकारपत्र, परदेशात असाल तर रीतसर मुखत्यारपत्र. बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठलीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. ते मागण्यात लाजायचं काही नाही, कोर्ट बघितलेलं नसताना एकटीने तिथे उभं राहणं सोपं नसतं.

तिसऱ्या माणसाचं मात्र वेगळं. मुलीला स्थळ आलंय, मुलगा घटस्फोटित आहे म्हणतो, खरंच झालाय का बघायचं, अशी विचारणा खूप होते आणि काळजी अगदी रास्त आहे. पण केसशी संबंध नसलेल्याला नक्कल आपोआप मिळत नाही, कारण सांगून कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि द्यायची की नाही ते कोर्ट ठरवतं. माहितीच्या अधिकारातूनही हा रस्ता निघत नाही, कोर्टाच्या प्रती कोर्टाच्या नियमांनीच मागायच्या असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. मी तर म्हणेन सरळ त्या मुलाकडेच प्रमाणित प्रत मागा. खरा घटस्फोटित असेल तर त्यात अडचण कसली? आणि प्रत आली की निकालाची तारीख बघा, कारण अपिलाची मुदत, हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस, संपायच्या आत दुसरं लग्न करणं धोक्याचं. एकतर्फी डिक्री असेल, म्हणजे समोरची बाजू हजर नसताना दिलेली, तर वकिलाला दाखवूनच पुढे जा, ती रद्द करून घ्यायला समोरची बाजू येऊ शकते.

काहीजण शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर दाखवतात, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, वर लिहिलेलं "फारकतनामा". त्याचं कोर्टात रेकॉर्ड नसतंच, मग नक्कल कुठून निघणार? काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायद्याने तशा रूढीला जागा ठेवलीय, पण ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि पासपोर्टच्या काउंटरवर ते सिद्ध करत बसणं कठीणच.

नक्कल हातात आली की काउंटर सोडायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, लग्नाची तारीख, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटी सही आहे का. शेवटच्या पानावर अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली अशा तारखा असतात, त्या पण भरलेल्या पाहिजेत, अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात ते त्याच तारखांवरून. मूळ डिक्रीतच नाव चुकलं असेल तर नक्कल विभाग ते दुरुस्त करू शकत नाही, त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली कोर्टात अर्ज द्यावा लागतो. परदेशात वापरायची असेल तर पुढे परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरावा म्हणून केलेलं प्रमाणीकरण, लागू शकते, त्यासाठी एक प्रत वेगळी, घडी न घालता ठेवा.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्या बहिणीने घरी आल्या आल्या तेच केलं, प्लास्टिकवर अपोस्टिलचा शिक्का उठत नाही, चारातली एक प्रत अशी वाया गेली.