पाचव्या ग्रुपवर आलेला मेसेज खरा का वाटतोय?

साडी म्हणजे स्कॉटलंडमधले लोक नेसतात तो आखूड, चुण्यांचा घागरा. असलं वाक्य वाचून कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचं शेंबडं पोरगंपण हसेल. पण २०१५ साली मानसशास्त्रज्ञ लिसा फाझिओ आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना असली वाक्यं आधी एकदा वाचायला दिली, मग थोड्या वेळानं नवीन वाक्यांत मिसळून परत समोर ठेवली आणि विचारलं की कुठलं किती खरं वाटतंय. गंमत अशी की त्या कपड्याला किल्ट म्हणतात हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांच्यातपण आधी वाचलेल्या वाक्यांना नव्या वाक्यांपेक्षा जास्त मार्क पडले. लगेच विश्वास बसला असं नाही, पण काटा 'खरं'कडं सरकला, आणि नुसत्या एका वाचनानं सरकला.

ह्याला इल्युजरी ट्रुथ इफेक्ट म्हणतात, म्हणजे परत परत ऐकलेलं खरं वाटणं. पहिला प्रयोग १९७७ चा, हॅशर, गोल्डस्टाईन आणि टोपिनो ह्या तिघांचा. दोन-दोन आठवड्यांनी तीनदा त्याच लोकांना बोलवून ६० विधानं तपासायला दिली, त्यातली काही दर वेळी तीच ठेवली, आणि त्या ठरलेल्या विधानांवरचा भरवसा दर फेरीला वाढत गेला. कारण साधं आहे. ओळखीची गोष्ट डोक्याला वाचायला सोपी जाते, आणि जे सोपं जातं ते खरं असणार असं डोकं परस्पर धरून चालतं. १९९९ साली रेबर आणि श्वार्झ ह्या दोघांनी तर नुसता अक्षरांचा रंग बदलून बघितला, 'अमुक गाव तमुक देशात आहे' असली वाक्यं ठळक, नीट वाचता येतील अशी छापली की लोक ती जास्त खरी मानायचे. मजकूर तोच, फक्त डोळ्याला त्रास कमी.

आता जुलै महिना आणि आपलं कोल्हापूर घ्या. तीन दिवस झड लागलीय, शाळेला सुट्टी पडलीय, आणि मोबाईलवर येतंय, 'राधानगरीचे दरवाजे उघडले, पाणी शहरात घुसणार, सर्वांनी सावध, पुढे पाठवा'. आधी तालमीच्या ग्रुपवर, मग अपार्टमेंटच्या, मग दहावीच्या बॅचच्या, मग भिशीच्या, आणि शेवटी गडहिंग्लजच्या मावशीचा फोन, 'अगं तुमच्यात पाणी आलं म्हणं!' आपल्याला वाटतंय पाच जणांनी सांगितलं म्हणजे असणारच काहीतरी. पण पाचही जणांनी एकच मेसेज वाचलेला असतोय आणि मावशीनं तर तो तुमच्याच बहिणीकडनं ऐकलेला असतोय, साक्षीदार एकच, तोसुद्धा कोण ते कुणालाच माहीत नाही.

ह्या मेसेजमधली खरी खोच अशी की तो अर्धा खरा असतोय. भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उचलतात आणि उतरलं की आपोआप बसतात, कुणी जाऊन बटण दाबत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी ते उघडणारच, तसंच बांधलंय. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी जातंय, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे एका दरवाज्यातनं सेकंदाला ४० हजार लिटर. आकडा ऐकून छातीत धडकी भरते, आणि पाणी वाढतंय हे खरंच. पण शहराजवळनं वाहणारी पंचगंगा काय एकट्या भोगावतीवर भरत नाही, कासारी, कुंभी, तुळशी ह्या सगळ्या प्रयाग चिखलीपर्यंत येऊन मिळतात, वर गगनबावड्याकडं पाऊस किती झाला त्यावर खेळ ठरतोय. त्यामुळं 'किती दरवाजे' ह्यापेक्षा 'पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट' हा प्रश्न शहाणपणाचा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हायवे बंद पडला होता, ते विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही, आणि म्हणूनच असला मेसेज आला की डोक्यात लगेच तोच पूर दिसायला लागतो.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे 'कोयनेतून विसर्ग वाढवला, कोल्हापूरकरांनो सावधान'. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत जातंय, तिथनं सांगली, आणि मग नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. शिरोळ तालुक्याला त्याची चिंता असते आणि ती खरी चिंता आहे, कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. पण कोयनेची लाट येऊन दसरा चौकात धडकणार असलं काही नसतंय. पाचवीच्या भूगोलात नकाशा बघितलेला असतोय की सगळ्यांनी! तरी मेसेज पुढं जातोच.

का जातो, ह्याचं उत्तर मला २०२० च्या एका प्रयोगात सापडतंय. नादिया ब्राशियर आणि तिच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वाचनाच्या वेळीच लोकांना विचारलं, 'हे खरं आहे का?' ज्यांनी पहिल्याच वेळी हा विचार केला, आणि ज्यांच्याकडं त्या विषयाची माहिती होती, त्यांच्यावर नंतर परत वाचण्याची जादू चाललीच नाही. म्हणजे माहिती डोक्यात नुसती पडून असून उपयोग नाही, ती पहिल्या फटक्याला वापरायला लागते. पाचव्या ग्रुपवर मेसेज येईपर्यंत थांबलात की तो ओळखीचा झाला, आणि ओळखीच्या माणसाला आपण कागदपत्रं मागत नाही.

मग तपासायचं कसं? इथं आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांची एक खोड आहे, आपण मेसेज नीट वाचत बसतो, भाषा बघतो, लोगो बघतो, खाली 'आदेशावरून' लिहिलंय का बघतो. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू ह्यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि २५ विद्यार्थी घेऊन त्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. विद्यार्थी फसले, पण पीएचडीवाले अभ्यासकपण भारदस्त नाव आणि छान लोगो बघून फसले. फॅक्ट चेकर काय करायचे, तर पान धड न वाचता सरळ दुसरा टॅब उघडून 'हे सांगणारे कोण' ते बाहेर शोधायचे. पुराच्या बाबतीत बाहेर म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा पाणी पातळीचा आकडा, तारीख आणि वेळ बघून. कालचा ४१ फुटाचा फोटो आज फिरत असतो. व्हिडिओचं तर विचारूच नका, २०१९ चे पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नवीन होऊन येतात. त्यात गाड्यांचे नंबर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचे, आहेत का, दुकानाचा बोर्ड कुठल्या भाषेत आहे एवढं बघितलं तरी निम्मे व्हिडिओ दुसऱ्याच गावाचे निघतील.

आणि हे फक्त पावसापुरतं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आलीय ह्या अफवेवर पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड अशी मर्यादा घातली, आणि आता लय फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात. पण कुणी कॉपी करून स्वतः पेस्ट केला की बाण गायब, तेव्हा बाण नाही म्हणजे मेसेज ताजा असं धरू नका.

बातम्यांच्या हेडिंगचंपण थोडं असंच, २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात इंग्रजी हेडिंगांची लाखभर रूपं तपासली तेव्हा एकेक नकारात्मक शब्द वाढला की क्लिक सुमारे २.३ टक्के वाढत होते. 'महापुराचा विळखा' का छापतात आणि 'पाणी दोन इंचानं उतरलं' खाली कोपऱ्यात का जातं ते कळलं असेल.

राहिला प्रश्न ग्रुपवर असला मेसेज टाकणाऱ्या काकांना सांगायचं कसं. 'काका, फेक आहे, टाकू नका' हे लिहून काका तर चिडतातच, पण डोक्यातली गोष्टपण निघत नाही. १९९४ साली जॉन्सन आणि सायफर्ट ह्यांनी लोकांना गोदामाच्या आगीची बातमी वाचायला दिली, आधी सांगितलं की कपाटात ऑइल पेंट आणि गॅसचे सिलिंडर होते, नंतर सांगितलं की चुकलं, कपाट रिकामं होतं. लोकांना दुरुस्ती लक्षात होती, तरी धूर एवढा का झाला विचारल्यावर ते पेंटचंच नाव घ्यायचे. आग मुद्दाम लावली असावी असा दुसरा पुरावा दिला तेव्हा कुठं पेंट मागं पडला. म्हणून काकांना पर्सनलवर लिहायचं, 'काका, दरवाजे आपोआप उघडलेत, चांगल्या पावसात उघडतात तसे. पाणी वाढतंय ते गगनबावड्याच्या पावसानं, बंधाऱ्याला सकाळी ७ ला ३६ फूट होतं, इशाऱ्याला अजून ३ फूट आहेत. नदीकाठच्या चिखली, आंबेवाडीला कोण पाहुणे असतील तर त्यांना आधी फोन करा.'